वाटखर्चीचे पस्तीस

इसवी सन २०४८, ऑगस्ट महिन्याची अकरा तारीख, मंगळवार, सकाळी साडेदहाची वेळ. स्थळ : माणदेशातील खडकमाळ नावाचे सातशे वस्तीचे गाव, आणि त्या गावात प्राथमिक शाळेचे सेवानिवृत्त मुख्याध्यापक दिनानाथ विठोबा लोहार यांच्या घराची ओसरी.

लोहार गुरुजींचे वय बहात्तर. पाणीपुरवठा समितीने नळ सोडण्याची वेळ लेखी न कळवता बदलली, याविरुद्धचे तिसरे पत्र ते लिहीत होते. पहिल्या दोन पत्रांना उत्तर आले नव्हते. आणि उत्तर न येणे हा आपला पराभव नसून समितीची कबुली आहे, असे त्यांचे ठाम मत होते. गाव त्यांना वचकून असे, थोडेसे हसतही असे. पण कोणाच्याही हाती सरकारी कागद पडला की तो घेऊन माणूस प्रथम याच ओसरीची वाट धरी.

त्या सकाळी आली ती मायाक्का गडदे. वय छत्तीस, एके काळची त्यांची विद्यार्थिनी, आता चाळीस बायकांची लोकर-संस्था चालवणारी. तिने पाया पडून कागद पुढे केला.

"गुरुजी, वाचता समदं येतंय. पर उमजत न्हाई. तुमी बघा."

कागद 'सुजात केंद्रा'चा होता. सुजात अधिनियम अंमलात येऊन नऊ वर्षे झाली होती. ज्या दांपत्यांना मूल होत नाही, त्यांच्यासाठी शासनाने जिल्ह्याजिल्ह्यांत केंद्रे उघडली. स्त्रीबीज आणि शुक्राणू यांचे मीलन प्रयोगशाळेत होई. पाच दिवसांच्या भ्रूणातून चार-दोन पेशी काढून त्यांतील डीएनए वाचला जाई. आणि त्या वाचनावरून, या भ्रूणाचा माणूस झाला तर तो कसा निघेल, याचा शंभरांपैकी एक अंक निघे. त्याचे नाव 'सुजात गुणांक'. चाळीस किंवा त्याहून अधिक गुणांक असेल तर रोपण मोफत. चाळीसच्या खाली असेल तर रोपण नाही, आणि नव्वद दिवसांनी साठवणही समाप्त. 'साठवण समाप्त' याचा अर्थ फेकून देणे हा आहे, हे कळायला व्याकरण लागत नव्हते.

मायाक्काला आणि तिच्या नवऱ्याला, सिदूला, अकरा वर्षे मूल नव्हते. तिच्या अंडाशयांतून मिळायचे तेवढे बीज आता मिळून चुकले होते. पुन्हा मिळणार नाही, असे डॉक्टरांनी लिहूनच दिले होते. चार भ्रूण झाले होते. त्यांचे गुणांक : सत्तावीस, एकतीस, चोवीस, तेहतीस. साठवणीची मुदत तीस सप्टेंबर.

गुरुजींनी चष्मा सावरून खालचा तक्ता वाचला. हृदय, अस्थी, साखर, प्रतिकारशक्ती या घटकांत चारही भ्रूणांना ऐंशी-नव्वदच्या घरात गुण होते. पाचवा घटक 'शिक्षणक्षमता'. त्याला भार सर्वाधिक. तिथे सहा, आठ, पाच, नऊ.

"काळजाला नव्वद, हाडाला एक्क्याऐंशी," मायाक्का म्हणाली. "अन् शिक्षणाला सहा. गुरुजी, तुमीच शिकीवलंय मला. मी इतकी ढ हुते का ओ?"

ती ढ नव्हती. दिवाळीपर्यंतच्या पाच महिन्यांत तिने जे शिकावे, ते इतर मुले वर्षात शिकत. पुढे दिवाळीनंतर तिचा वाडा, म्हणजे धनगर कुटुंबांचा जथा, मेंढरे घेऊन कोकणात उतरे, आणि ज्येष्ठात परत येई. गुरुजी उत्तर देणार, तोच त्यांची नजर तक्त्याखालच्या बारीक टिपेवर गेली : 'शिक्षणक्षमता हा घटक इ. स. २०१० ते २०३२ या काळातील प्राथमिक शाळांच्या वार्षिक गुणनोंदी आणि त्याच विद्यार्थ्यांचे प्रौढपणीचे जनुकीय नमुने यांच्या तुलनेवरून निश्चित केला आहे.'

त्यांनी ती टीप दोनदा वाचली. मग कागदाची घडी घातली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच समोरच्याच्या प्रश्नाला उत्तर न देता ते म्हणाले, "हा कागद दोन दिवस माझ्याकडे राहू दे."

*

त्या टिपेत काय दडले होते, ते गुरुजींखेरीज त्या पंचक्रोशीतल्या दहा-वीस म्हाताऱ्या शिक्षकांनाच ठाऊक होते.

नियम असा होता की, मूल सलग गैरहजर राहिले तर त्याचे नाव पटावरून कमी करायचे. पट ठरावीक संख्येच्या खाली गेला की शाळा बंद. आणि खडकमाळच्या पटावरची निम्मी मुले दिवाळीनंतर मेंढरांमागे चालू लागत. नावे कापावीत तर शाळा जाणार; शाळा गेली की परत आलेली मुले बसणार कुठे? तेव्हा माळावरच्या शिक्षकांनी एक तोड काढली. कोणी ठराव केला नाही, कोणी लिहून ठेवले नाही. गेलेल्या मुलांची वार्षिक परीक्षा कागदावर होई, आणि प्रत्येकाला प्रत्येक विषयात पस्तीस गुण मिळत. छत्तीस नाही, कारण न दिलेल्या परीक्षेचे छत्तीस म्हणजे लबाडी. चौतीस नाही, कारण चौतीस म्हणजे नापास. त्या गुणांना शिक्षक आपसांत 'वाटखर्ची' म्हणत. मूल वाटेला लागले आहे, त्याच्या पदरात एवढे असू द्यावे, ही भावना.

गुरुजींनी सतरा वर्षे वाटखर्ची दिली होती. मायाक्काच्या प्रगतिपुस्तकावर आठ वर्षे, सगळ्या विषयांत पस्तीस, आणि खाली त्यांची वळणदार सही.

आणि त्या नोंदींवरून शिक्षणक्षमतेचा घटक ज्यांनी बांधला, त्या शास्त्रज्ञांच्या गटाची प्रमुख त्यांची एकुलती एक मुलगी होती : डॉ. केतकी लोहार.

*

केतकीचे पुण्यातले घर नवव्या मजल्यावर होते. गुरुजी गुरुवारी दुपारी पोचले, पाणी प्यायले, आणि प्रस्तावना न करता सर्व सांगून मोकळे झाले. केतकी अडतीस वर्षांची, वडिलांसारखीच भुवई वर करून ऐकणारी. तिने शेवटपर्यंत ऐकले.

"किती मुलं, आप्पा?"

"माझ्या शाळेत एकशे बारा. नावांनिशी यादी केली आहे."

"आमचा नमुना बारा लाखांचा आहे. तुमच्या एकशे बारांनी त्यात चिमूटभर मीठसुद्धा पडत नाही."

"माझ्या शाळेपुरते बोलतो आहे, असे तू का गृहीत धरतेस? आमच्या तालुक्यात ही रीत होती. शेजारच्या दोन तालुक्यांत होती. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या गावांत होती, हे मला तिथल्या शिक्षकांनीच एका प्रशिक्षणात हसत हसत सांगितले होते. ज्यांची माणसे हंगामात गाव सोडतात, त्या प्रत्येक वस्तीत कोणीतरी लोहार गुरुजी होता."

केतकी उठून खिडकीशी गेली. "मला गणितात अठ्ठ्याण्णव होते चौथीत. एका उदाहरणात पायरी गाळली म्हणून तुम्ही दोन कापलेत. उत्तर बरोबर होतं. मी आठ दिवस रडले. आणि दुसरीकडे तुम्ही पस्तीस वाटत होतात."

"तू परीक्षेला बसली होतीस."

"वा. काय युक्तिवाद आहे."

"युक्तिवाद नाही, केतकी. कबुली आहे. आता मला समजावून सांग, तुझे यंत्र हे कसे करते. मी इतिहासाचा माणूस. मला समजेल असे सांग."

ती परत येऊन बसली, आणि चिडलेली असूनही तिने नीट समजावले. तो गुण तिने वडिलांकडूनच घेतला होता.

"माणसाच्या डीएनएत लाखो जागा अशा आहेत जिथे तुमच्यात-माझ्यात एका अक्षराचा फरक असतो. शिकण्याचं एक जनुक, असं काही नसतं. आम्ही प्रत्येक जागा घेतो आणि विचारतो : इथे हे अक्षर असणाऱ्यांचे गुण सरासरीने जास्त आहेत की कमी? फरक केसाएवढा असतो. पण असे लाखो केस एकत्र वळले की दोर होतो. तो दोर म्हणजे गुणांक."

"आणि एखादा समाज पिढ्यान् पिढ्या आपसांतच सोयरीक करत असेल तर?"

"तर त्यांची काही अक्षरं एकमेकांशी जास्त जुळतात." पुढचे वाक्य तिने सावकाश उच्चारले. "आणि त्या सगळ्यांच्या पुढे कोणी पस्तीस लिहिले असतील, तर यंत्राला वाटेल की त्या अक्षरांमुळेच पस्तीस पडतात."

"म्हणजे असे की, घोंगडी पांघरणाऱ्या सगळ्या पोरांना मी पस्तीस दिले, आणि यंत्राने निष्कर्ष काढला की लोकरीने बुद्धी मंद होते."

"आम्ही त्यासाठी दुरुस्त्या करतो, आप्पा. अडाणी नाही आम्ही. समाजगटांचे फरक गणिताने वजा करतो."

"पुरते वजा होतात?"

"मोठ्या गटांचे होतात. इतक्या बारीक वस्तीचे..." तिने वाक्य सोडून दिले.

"तू त्याच वर्गात बसत होतीस. दिवाळीनंतर बसायच्या निम्म्या पट्ट्या रिकाम्या असत. मायाक्का तुझ्यामागे दोन वर्षे होती. बारा लाख नोंदी चाळताना तुला त्या पट्ट्या एकदाही आठवल्या नाहीत?"

हा प्रश्न गुरुजींनी विचारायला नको होता, हे त्यांना विचारल्यावर कळले. केतकीचा चेहरा उतरला. नऊ वर्षांत या गुणांकावरून किती भ्रूण नाकारले गेले, याचा आकडा तिला पाठ होता, आणि तो तिने सांगितला नाही.

मग ती म्हणाली, "एक कसोटी आहे. भावंडांची. सख्ख्या भावंडांत आईबापांच्या जनुकांची वाटणी सोडतीसारखी होते; कुणाला जास्त गुणांक येतो, कुणाला कमी. घर तेच, जात तीच, गरिबी तीच. गुणांकात खरंच काही असेल, तर एकाच घरात ज्याचा गुणांक जास्त, त्याला शाळेतही जास्त मिळायला हवेत. ही कसोटी आम्ही केली होती, शहरी कुटुंबांवर. तिथे बऱ्यापैकी उतरली."

"धनगरवाड्यात एक मूल मागे ठेवायची चाल आहे," गुरुजी म्हणाले. "म्हाताऱ्यांना सोबत म्हणून. बाकीची वाटेला, एक घरी. जे घरी राहिले, त्याने परीक्षा खरीखुरी दिली आहे."

बापलेकीने एकमेकांकडे पाहिले. एका घरात दोन मुले : एकाचे गुण कमावलेले, दुसऱ्याचे बहाल केलेले. शास्त्रज्ञाने प्रयोग मुद्दाम रचला असता, तर त्याहून नेटका रचता आला नसता.

*

मायाक्काच्या अपिलासाठी गुरुजी शपथपत्र करणार, ही बातमी त्यांच्याआधी गावात पोचली. शनिवारी शेजारच्या गावचे बाजीराव शेटे गुरुजी, वय सत्त्याहत्तर, मोटारसायकलवरून मुद्दाम आले आणि ओसरीवर मांडी ठोकून बसले.

"ऐकतोय ते खरं का, लोहार गुरुजी? शपथपत्र करताय म्हणे."

"मजकूर झाला आहे. सही व्हायची आहे."

"अहो, पुरलेलं मढं कशाला उकरता? तुमचं तुम्ही वाहून जाल, वर आम्हांला ओढाल. सरकारी दप्तरात खोटी नोंद म्हणजे काय, ठाऊक आहे ना? निवृत्तिवेतन अडकेल. भिंतीवरचं ते आदर्श शिक्षकाचं सन्मानपत्र उतरवायला लावतील."

"खिळा मीच ठोकला होता. काढता येईल."

"थट्टा नको. आपण पाप केलं का? पोरांची शाळा वाचवली."

"शाळा वाचवली, हे खरे. नोंद खोटी होती, हेही खरे. पहिल्या विधानाने दुसरे रद्द होत नाही."

"तुमचं हे पहिलं विधान न् दुसरं विधान." शेटे गुरुजींनी हात झाडले. "मेंढ्यामागच्या पोरांना आपण पस्तीस दिले म्हणून ती पास तरी झाली. ही गडद्याची पोरगी आज चेअरमन आहे, ती कुणामुळे?"

"आणि तिच्या पोटी मूल येत नाही, ते कुणामुळे?"

शेटे गुरुजी चहा अर्धा टाकून गेले. जाताना म्हणाले, "माझं नाव घालू नका." गुरुजींनी त्यांचे नाव घातले नाही, स्वतःचे तेवढे तीन ठिकाणी घातले, आणि प्रत्येक ठिकाणी हुद्द्यासह.

*

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी केतकी खडकमाळला आली. भावंडांच्या कसोटीचा निकाल तिने छापून आणला होता. स्थलांतर करणाऱ्या नऊ हजार चारशे कुटुंबांत निदान एक मूल मागे राहिले होते. मागे राहिलेल्यांचे सरासरी गुण अडुसष्ट. वाटेला गेलेल्यांचे, जवळजवळ सगळ्यांचे, नेमके पस्तीस. कोणाचा गुणांक जास्त आणि कोणाचा कमी, याने काही फरक पडत नव्हता. जो गावात राहिला तो पुढे, जो गेला तो मागे.

मायाक्का ओसरीच्या पायरीवर बसून ऐकत होती. तिच्याकडे न पाहता केतकी म्हणाली, "मायाक्का, चूक माझीही आहे. ह्या नोंदी वगळून मी गुणांक नव्याने बांधते आहे. खरा गुणांक निघेल."

"त्यो कवा निघल?"

"कच्चा हिशेब झालाय. पक्का व्हायला दोन वर्षं."

"आन् त्या नव्या हिशेबात माजं लेकरू पुन्ना सहालाच आलं तर, ताई?"

केतकीने छापील कागद खाली ठेवला.

"माजा थोरला दीर हाय, म्हाळू. गुरुजींना ठावं हाय. त्याला खरंच अक्षर येत न्हाई. एक साल वाटंला न नेता शाळंत बसीवला, मार खाल्ला, तरी न्हाईच आलं. त्याचे पस्तीस खोटे हुते तर खरे किती? तीन? लोकं म्हनत्यात, म्हाळू मेंढरं तोंडावरनं वळखतो, गुणाचा हाय. ते हाय. पर मेंढरं वळखता आली नसती, तरीबी त्यो माज्या सासूचा ल्योकच की. त्याला कोन मोजून आत घेतलं न्हाई." ती उठली, पदर खोचला. "तुमी दोघं शिकलेली. तुमचं भांडान चाललंय गुण खरे का खोटे ह्याचं. माजं भांडान त्ये न्हाई."

ती गेल्यावर गुरुजींनी शपथपत्राचे कागद पुन्हा उघडले. अकरा पाने, एकोणचाळीस परिच्छेद, आणि मुद्दा बाहेरच राहिलेला. मुलाने चुकीच्या प्रश्नाचे अचूक उत्तर लिहिले की ते शून्य गुण देत. तोच न्याय त्यांनी स्वतःला लावला. चाळिसावा परिच्छेद लिहायला त्यांना बारा दिवस लागले. त्या दिवसांत त्यांनी तालुक्याच्या वाचनालयातून आणि केतकीच्या संगणकातून सुप्रजननशास्त्राचा इतिहास सनावळीसह वाचून काढला.

*

मंगळवार, बावीस सप्टेंबर, सकाळी अकरा. साताऱ्याच्या सुजात अपील मंडळाचे दालन लहान होते. अध्यक्षस्थानी निवृत्त जिल्हा न्यायाधीश श्रीमती शालन भोईटे. केंद्राच्या बाजूने वकील रणदिवे. भिंतीलगतच्या बाकावर मायाक्का आणि मेंढरे भावावर सोपवून आलेला सिदू.

रणदिव्यांनी उलटतपासणीस सुरुवात केली.

"म्हणजे तुम्ही सरकारी दप्तरात खोट्या नोंदी केल्या."

"होय."

"जाणूनबुजून?"

"अजाणता सतरा वर्षे कोण करील? होय."

"मग आज तरी तुमच्या शब्दावर मंडळाने विश्वास का ठेवावा?"

"ठेवू नये," गुरुजी म्हणाले. "मीही ठेवला नसता. म्हणून मी शब्द आणलेला नाही, भावंडे आणली आहेत. त्यांचे आकडे डॉक्टर लोहार सांगतील."

केतकीने सांगितले. शेवटी ती म्हणाली, "या गुणांकाचा शिक्षणक्षमतेचा भाग मी बांधला. तो शिक्षणक्षमता मोजत नाही. दिवाळीनंतर कोण गावात नव्हतं, एवढंच तो मोजतो." गुरुजींनी आयुष्यात अनेक विद्यार्थ्यांना शाबासकी दिली होती. या वेळी त्यांना ती देता येत नव्हती, कारण ते साक्षीदार होते, आणि साक्षीदाराने मान हलवू नये असा नियम आहे.

रणदिवे अनुभवी होते. त्यांनी पवित्रा बदलला. "मान्य. एक मापदंड सदोष निघाला. तो दुरुस्त होईल. पण तराजू वाकडा होता म्हणून वजन करूच नये, असं होत नाही. भावी पिढी सुदृढ आणि सक्षम असावी, या तत्त्वात चूक कुठे आहे?"

"चाळिसावा परिच्छेद," गुरुजी म्हणाले.

श्रीमती भोईट्यांनी पान उलटले. "तुम्हीच सांगा. थोडक्यात."

थोडक्यात हा शब्द गुरुजींना प्रिय नव्हता, पण त्यांनी तो पाळला.

"हे तत्त्व नवे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये त्याला शास्त्राचे नाव मिळाले. पुढे अमेरिकेत तपासनीस घरोघर फिरले, वंशवृक्ष काढले, आणि कोण मंदबुद्धी हे बहुधा बोलण्याचालण्यावरून ठरवले. तीसहून अधिक राज्यांनी कायदे केले. १९२७ साली कॅरी बक नावाच्या तरुण स्त्रीचे वंध्यीकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने योग्य ठरवले. आई मंद, ती मंद, आणि तिची तान्ही मुलगीही मंद, म्हणून. त्या मुलीला सात महिन्यांची असताना एका बाईने पाहिले होते, आणि काहीतरी वेगळे दिसते, एवढेच सांगितले होते. ती मुलगी पुढे शाळेत गेली. आठव्या वर्षी आजारपणात वारली, पण त्याआधी तिचे नाव शाळेच्या गुणवंतांच्या यादीत लागले होते. जर्मनीने १९३३ साली असाच कायदा केला आणि सुमारे चार लाख माणसांचे वंध्यीकरण केले. आपल्याकडेही गेल्या शतकाच्या पूर्वार्धात सुप्रजननाची मंडळे निघाली होती, आणि त्यांत भली, शिकलेली, देशाचे हित चिंतणारी माणसे होती."

"हा इतिहास परदेशाचा अधिक आहे," रणदिवे म्हणाले.

"१९७६ साली मी जन्मलो. त्या वर्षी, आणीबाणीत, आमच्या शाळेच्या तेव्हाच्या गुरुजींना नसबंदीच्या शस्त्रक्रियेसाठी माणसे आणण्याचे उद्दिष्ट दिले होते. ते सुप्रजनन नव्हते, संख्येचे नियंत्रण होते. हा भेद मला मान्य आहे. पण गाडी प्रथम कोणत्या वस्तीत शिरली, हे मी म्हाताऱ्यांकडून ऐकले आहे, आणि ती वस्ती पाटलांची नव्हती."

दालनात कोणीतरी खोकले. गुरुजी पुढे बोलू लागले.

"आता वकीलसाहेबांचा प्रश्न. दर वेळी मापदंड सदोष निघाला, आणि दर वेळी तो दुरुस्त करू असे सांगण्यात आले. मी विचारतो, दर वेळी तो एकाच बाजूला का वाकला? कारण मोजणारा स्वतःला कधी मोजत नाही. मीही नाही मोजले. मी खुर्चीत बसून, दयेने, एका मुलीला पस्तीस दिले. माझ्या मनात खोट नव्हती. तरी तिचे मूल्य ठरवण्याचा अधिकार मी घेतला होता, आणि तो कागदावर उतरला की पुढे कोणाच्या हाती जाईल, हे माझ्या हाती राहिले नाही. माझे पस्तीस खोटे होते, म्हणून ही योजना चूक आहे, असे मी पहिल्या एकोणचाळीस परिच्छेदांत म्हटले आहे. ते अपुरे आहे. माझे पस्तीस खरे असते, तरी ती चूकच असती."

ते बसले. श्रीमती भोईटे क्षणभर लिहीत राहिल्या, आणि मग त्यांनी केतकीकडे पाहिले.

"डॉक्टर, दुरुस्त गुणांकाचा कच्चा हिशेब झाला आहे, असं तुमच्या जबाबात आहे. या चार भ्रूणांपुरता तो केला आहे का?"

"केला आहे. बंद पाकिटात आहे."

"मंडळाने तो पाहावा," रणदिवे लगेच म्हणाले. "कदाचित अर्जदाराच्या हिताचाच असेल. चाळीसच्या वर असतील तर प्रश्नच मिटला."

"अर्जदार काय म्हणतात?"

मायाक्का उभी राहिली. "नगं, बाई. उघडू नका."

"चांगला असेल कदाचित."

"असूं दे. एकदा कानावर पडलं की मी चौघांत निवड करीन. ह्यो शेर, त्यो पावशेर. मंग केंद्रात आन् माज्यात काय फरक ऱ्हायला?"

"सिदू, तुमचं?"

"ती म्हनंल तसं," सिदू म्हणाला, आणि जरा थांबून पुढे म्हणाला, "मेंढी व्याली की आमी आदी कोकरू पुसून काडतो. नर का मादी, त्ये मागनं बघतो."

रणदिव्यांनी, पक्का गुणांक तयार होईपर्यंत दोन वर्षे सुनावणी तहकूब ठेवावी, असा अर्ज केला. श्रीमती भोईट्यांनी तो तेथल्या तेथे फेटाळला, पाकीट न उघडता केतकीला परत दिले, आणि लघुलेखकाला निर्णय सांगायला सुरुवात केली.

"अधिनियमानुसार, विश्वसनीय गुणांक चाळीसपेक्षा कमी असेल तरच रोपण नाकारता येते. विश्वसनीय गुणांक आज अस्तित्वात नाही, हे तो बांधणाऱ्यानेच शपथेवर सांगितले आहे. शिक्षणक्षमता या घटकावरून यापुढे या विभागात कोणतेही भ्रूण नाकारले जाणार नाही. हा घटक दुरुस्त होऊन परत आला, तरी मनुष्याचा जन्म अशा मोजणीवर अवलंबून ठेवावा का, हा प्रश्न खुला राहील. तो विधिमंडळापुढे ठेवावा, अशी शिफारस हे मंडळ करीत आहे. साक्षीदाराचा चाळिसावा परिच्छेद शिफारशीला जोडावा. श्री. दिनानाथ लोहार यांनी दप्तरात खोट्या नोंदी केल्या, हे सिद्ध झाले आहे. शपथपत्राची प्रत शिक्षण खात्याकडे कारवाईसाठी जाईल."

गुरुजींनी हे शेवटचे वाक्य आपल्या वहीत उतरवून घेतले. ते सांगायचे राहिले असते, तर त्यांनीच हरकत घेतली असती. शेजारी बसलेल्या केतकीने त्यांच्या हातातले पेन काढून बाजूला ठेवले आणि तो हात आपल्या हातात धरला. श्रीमती भोईटे मायाक्काकडे वळल्या, आणि आता लघुलेखकाला नव्हे, तिला उद्देशून बोलल्या.

"चारही भ्रूण तुमचे आहेत. रोपण कोणत्याचे आणि केव्हा, हे तुम्ही सांगायचे आणि केंद्राने करायचे. अपील मंजूर."